लिंबाची फोड बाजूला ठेवा, आधी पिठी वस्त्रगाळ करा

पत्र : मी २६ वर्षांची, वेंगुर्ले तालुक्यातली. नोकरीसाठी रोज स्कूटीने सावंतवाडीला जाते-येते. चेहरा तेलकट आहे, नाकावर काळे ठिपके आहेत. मे महिन्यात लग्न आहे म्हणून व्हिडिओ बघून घरीच स्क्रब सुरू केला. २ चमचे साखर, १ चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा खायचा सोडा, थोडं खोबरेल. आणि पिळलेली लिंबाची फोड त्यातच बुडवून ती चेहऱ्यावर घासायची. दिवसाआड, पाच-पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात चेहरा छान मऊ लागला. दुसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी स्क्रब करून तशीच कामावर गेले. दोन दिवसांनी हनुवटीखाली लाल होऊन आग व्हायला लागली आणि आता जबड्यापासून मानेपर्यंत ओघळ आल्यासारखा तपकिरी पट्टा राहिला आहे. गालही झोंबतात. आई म्हणते मसूर लाव, आत्या म्हणते आंब्याची साल वाळवून लाव, मावशी भिरंडेल (कोकमाचं तेल) लाव म्हणते. घरचंच काही नीट करायचं तर काय घेऊ आणि किती? मुंबईच्या चुलत बहिणीलाही एक बाटली भरून द्यायची आहे.

उत्तर : तुम्ही ‘ओघळ’ लिहिलंत ते बरं केलंत, कारण त्यावरून बरंच कळतं. नुसतं घासून कातडी सोलवटली असती तर लाली जिथे घासलं तिथेच, म्हणजे गालांवर आणि नाकावर, त्याच दिवशी दिसली असती. तुमची लाली दोन दिवसांनी आली आणि रस जिथून खाली ओघळला त्याच वाटेने आली. हे लक्षण लिंबू आणि ऊन यांच्या जोडीचं आहे. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती अंगाला लागलेली असताना त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. लगेच नाही, साधारण एक ते तीन दिवसांत. मग लाली ओसरते आणि तपकिरी डाग मागे राहतो. त्वचेचे डॉक्टर याला फायटोफोटोडर्माटायटिस म्हणतात. उन्हाळ्यात डझनभर लिंबं पिळून सरबत केलं आणि तसेच हात घेऊन उन्हात गेलं तर हातांवरही असेच डाग उमटतात. तुम्ही तर साल चेहऱ्यावर घासलीत आणि लगोलग सावंतवाडीचा रस्ता धरलात.

तेव्हा पहिले तीन आठवडे कुठलाही स्क्रब नको. साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुवा, वर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा आणि सकाळी निघण्याआधी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. वाटाण्याएवढा ठिपका लावून उपयोग नाही. तपकिरी पट्टा आपोआप फिका होतो, पण त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घासून तो लवकर जात नाही, उलट गडद होतो. फोड आले, पाणी सुटलं किंवा डाग पसरायला लागला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. एक नक्की टाळा : मेडिकलच्या दुकानात डाग दाखवून मागितलेली ट्यूब. तशा मिश्र मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो, नंतर कातडी पातळ होते आणि मलम सोडलं की सगळं उसळून येतं.

आता सोड्याचं. लिंबू आणि सोडा एकत्र केले की फसफसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी जोरात काम चाललंय. प्रत्यक्षात तो नुसता कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन मोकळे होतात. तुमच्या मापाचा हिशेब केला तर एक चमचा रसातलं आम्ल चिमूट-दीड चिमूट सोड्यातच संपतं. तुम्ही घातलात अर्धा चमचा. म्हणजे फेस बसल्यावर वाटीत उरलं ते सोड्याचं पाणी. निरोगी चेहऱ्याची कातडी किंचित आंबट असते, तिचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आंबट) साधारण ४.५ ते ५.५. सोड्याचं पाणी ८ च्या वर. दिवसाआड पाच मिनिटं हे चोळलं की कातडीवरचं तेलाचं संरक्षक आवरण विस्कटतं आणि मग साधं पाणीसुद्धा झोंबतं. गाल झोंबण्याचं कारण बहुधा हे. आणि सोड्याने लिंबाची आंबटाई मारली तरी ते फ्युरोकुमारिन मरत नाही, ते तसंच राहतं. थोडक्यात, लिंबाचा त्रास तेवढा शिल्लक राहिला आणि त्यात सोड्याचा भरीला पडला.

मग स्क्रब करायचा कशासाठी? कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. तो रोज आपोआप झडत असतो, आणि खालून नवी पेशी वर येऊन झडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. काही ठिकाणी ही झड नीट होत नाही, पापुद्रे चिकटून राहतात आणि चेहरा निस्तेज दिसतो. ते सुटायला आलेले पापुद्रे हलक्या हाताने काढणं एवढंच स्क्रबचं काम. रंग त्याने बदलत नाही, वांग जात नाही, पुटकुळ्या बऱ्या होत नाहीत. स्क्रब केल्यावर तुकतुकीत दिसतं ते पृष्ठभाग सपाट झाल्यामुळे. तुमच्या पहिल्या आठवड्याचा मऊपणाही तोच, वर खोबरेलाचा थर.

आपल्याकडे दिवसाआड घासावंसं वाटण्याचं कारण वेगळंच असतं. खारा वारा, दमट हवा, हेल्मेटमधला घाम. संध्याकाळी घरी आलं की चेहरा चिकट्ट झालेला असतो. पण तो चिकटा घामाचा, मिठाचा आणि तेलाचा. तो पाण्याने आणि फेसवॉशने जातो, त्याला दाणेदार काही लागत नाही. चिकटा आला म्हणून घासायला लागलं तर समुद्राकाठी माणूस रोज घाशील. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा पुरे, कोरड्याला पंधरा दिवसांतून एकदा.

आणि नाकावरचे ठिपके. ते मळाचे नाहीत. रोमछिद्रात साचलेलं तेल आणि पेशी हवेच्या संपर्कात येऊन काळपट होतात. दाणा छिद्रात शिरून त्यांना ओढून काढत नाही, फार तर वरचं टोक उडवतो. ठिपके खरंच खुपत असतील तर सॅलिसिलिक आम्ल असलेला फेसवॉश बरा; पण तोही आत्ता नको, गाल शांत झाल्यावर.

आता मुख्य गोष्ट. घरगुती स्क्रब बिघडतो तो बहुतेक वेळा जिन्नस चुकल्यामुळे नव्हे, दाणा चुकल्यामुळे. साखरेचा खडा बघा : चौकोनी, धारदार कडा. ओला झाला की विरघळतो खरा, पण खोबरेलात घोळवलेला असला की विरघळायला वेळ लागतो आणि तोपर्यंत कडा शाबूत राहतात. कोपर, गुडघा, टाच यांना ती साखर चालते. गालाला नाही. कॉफीचा चोथा, अक्रोडाच्या कवचाची पूड, करवंटीची पूड, खडे मीठ, समुद्रावरची वाळू, हे सगळं चेहऱ्यापासून लांब ठेवा. मिठाचं तर दुहेरी : टोचतं आणि झोंबतं.

चेहऱ्यासाठी कोकणातल्या घरात सगळ्यात चांगली वस्तू आहे ती मोदकाची पिठी. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेली. भिजून वाळलेला दाणा ठिसूळ होतो, त्यामुळे तो दळताना बारीक फुटतो. कोरडा तांदूळ तसाच दळला तर पिठात कणी जास्त राहते. उकडा तांदूळ मात्र यासाठी घेऊ नका. उकडून वाळवल्यावर तो काचेसारखा टणक होतो, पेजेला उत्तम, पण त्याच्या पिठाचे कण टोचतात. भाकरीचं गिरणीतलं पीठही तसं नको. ते भाकरीपुरतं बारीक असतं.

पिठी घरची असली तरी ती वस्त्रगाळ करायचीच. रुंद तोंडाच्या कोरड्या वाटीवर जुन्या सुती साडीचा किंवा पंच्याचा धुतलेला तुकडा थोडा झोळ ठेवून बांधा. त्यात दोन चमचे पिठी घाला आणि चमच्याच्या पाठीने हलकेच फिरवत राहा. दाबू नका, दाबलं की कणीही कापडातून खाली उतरते. पावसाळ्यात पिठी दमट होऊन गोळे धरते, खाली उतरतच नाही. तेव्हा ती तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं परतून, पूर्ण गार करून मग गाळा. वर उरलेली कणी परत डब्यात टाका, घावनात खपेल.

खाली जमलेल्या पिठीची एक चाचणी आहे. चिमूटभर अंगठा आणि तर्जनीत घ्या, पाण्याचा एक थेंब टाका, हात कानाजवळ नेऊन बोटं एकमेकांवर चोळा. करकर ऐकू आली तर परत गाळा. काहीच ऐकू आलं नाही, नुसतं बोटांना खडूच्या भुकटीसारखं लागलं, की झालं. मोदकाच्या पारीत जी कचकच दाताखाली चालत नाही, ती गालावर कशी चालेल?

मिक्सरबद्दल एक सूचना. मुगाची डाळ किंवा ओट्स घरी दळणार असाल तर मालवणी मसाल्याचं भांडं घेऊ नका. कितीही धुतलं तरी पात्याच्या खालच्या रबरात तिखट बसलेलं असतं. चटणीचंही भांडं नको. शक्यतो भांडं आधी मूठभर तांदूळ फिरवून साफ करा, ते तांदूळ फेकून द्या आणि मगच दळा. ‘डाळीची ॲलर्जी झाली’ म्हणतात त्यातली काही प्रकरणं मिरचीची असतात.

तेलकट चेहऱ्याचं माप असं. इथे चमचा म्हणजे ५ मिलीचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा, सपाट भरलेला. वस्त्रगाळ पिठी १ चमचा, मुगाच्या डाळीचं वस्त्रगाळ पीठ १ चमचा, ताजं गोडं दही २ चमचे. एवढ्यात चेहरा आणि मान होते. मूग नसेल तर बेसन चालेल, तेही गाळून. दही आदल्या दिवशी रात्री लावलेलं असावं. तीन दिवसांचं आंबटढाण नको. दह्यातलं लॅक्टिक आम्ल लिंबातल्या आम्लापेक्षा फार सौम्य, शिवाय दह्यातली स्निग्धता त्याला मवाळ करते. लिंबाच्या जागी हेच पुरेसं आहे. दुधाचं वावडं असेल तर दह्याऐवजी साधं पाणी घ्या, दीड चमचा. काम पिठाचंच आहे.

कालवलं की लगेच लावू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा. पीठ पाणी पितं, कण फुगून मऊ होतात आणि मिश्रण घट्ट होतं. मग अर्धा चमचा पाणी घालून सारखं करा : भज्यांच्या पिठाहून सैल, घावनाच्या पिठाहून घट्ट. न भिजलेलं पीठ लावलं तर ते कातडीवरचं पाणी शोषून घेतं, चिकटतं, आणि मग काढताना ओढाताण होते. अर्ध्या तक्रारी या दहा मिनिटांच्या आळसातून येतात.

पहिल्यांदा करताना चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या मऊ भागावर रुपयाएवढ्या जागेत अर्धा मिनिट फिरवा, धुवा आणि पुढचे ४८ तास बघा. खाज, पुरळ, लाली काही नाही असं झालं की जबड्याच्या कडेला एकदा, आणि मगच चेहरा.

लावायची वेळ रात्रीची. चेहरा आधी फेसवॉशने धुतलेला आणि ओलाच हवा; हेल्मेटमधल्या घामावर आणि धुळीवर स्क्रब फिरवला तर धूळच घासली जाते. करंगळीशेजारचं बोट वापरा, त्याला जोर कमी असतो. कपाळ, नाकाच्या दोन्ही बाजू, हनुवटी, सगळ्यात शेवटी गाल. डोळ्याभोवती आणि ओठांवर नाही. शहाळ्यातली कोवळी मलई न फाटता तिच्यावरून बोट फिरेल इतकाच दाब. दाब ओळखायची आणखी सोपी खूण : बोट पुढे गेलं पाहिजे, पण त्याखालची कातडी बोटाबरोबर सरकता कामा नये. ती सरकली, सुरकुती पडली, की जोर जास्त झाला. सगळ्या चेहऱ्याला मिळून ४० ते ६० सेकंद. पाच मिनिटं नाही. आणि स्क्रब वाळू द्यायचा नाही. तो लेप नव्हे. वाळून तडकलेलं पीठ खरवडून काढण्यात जी कातडी निघते ती मृत नसते.

धुताना आधी हाताने पाणी मारून पीठ सैल करा, मग कोमट किंवा गार पाणी. केसांच्या रेषेपाशी, भुवयांत आणि कानापुढे पीठ अडकून राहतं; तिथे बोट फिरवून बघा, नाहीतर सकाळी तिथेच पुटकुळी आलेली दिसेल. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी आणि बोअरिंगचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. अशा पाण्याने धुऊन चेहरा ताणल्यासारखा लागत असेल तर शेवटचा तांब्याभर हात पिण्याच्या पाण्याचा. टॉवेलने टिपा, पुसू नका. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.

कोरड्या चेहऱ्यासाठी, म्हणजे कदाचित तुमच्या आईसाठी : ओट्सची वस्त्रगाळ पूड १ चमचा, पिठी अर्धा चमचा, दूध दीड चमचा, पाव चमचा मध. बाकी रीत तीच, वेळ निम्मा.

आता घरच्या तिघींचे सल्ले. आईच्या मसुरात वाईट काही नाही, पण तो भिजवून मिक्सरला लावला की काही भाग लोण्यासारखा होतो आणि काही रव्यासारखा उरतो, आणि त्रास होतो तो त्या रव्याचा. पाट्यावर गंधासारखा वाटणार असाल तर उत्तम. नाहीतर कोरडा दळून गाळा आणि मुगाच्या जागी घाला.

आत्यांना मात्र स्पष्ट नाही सांगा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे घरात सगळ्यांना माहीत असतं, ओल्या काजूबिया सोलणाऱ्या बायकांची बोटं सोलवटलेली असतात, कैरीच्या देठाचा चीक लागून पोरांच्या ओठांच्या कडा उठलेल्या असतात. कातडीला खवळवणारं तसंच द्रव्य आंब्याच्या सालीतही असतं, आणि साल वाळवून पूड केल्याने ते निघून जात नाही. ज्यांना याआधी कधी चीक बाधलाय त्यांच्यावर तर ते जास्तच उठतं. लग्नाच्या तोंडावर हा जुगार नको. गर खा, साल गुरांना.

मावशींच्या भिरंडेलाबद्दल दोन गोष्टी. वस्तू उत्तम आहे, पण ती स्क्रबमध्ये घालायची नाही. कोकमाचं तेल साध्या हवेत घट्टच असतं, पातळ व्हायला अंगाच्या उष्णतेहून थोडी जास्त ऊब लागते. दह्यात किंवा पिठात घातलं की त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळीत अडकलेली पिठी चेहऱ्यावर ढेकळासारखी फिरते. ते वेगळं वापरा : टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना. गाल फार ओढत असतील तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तळहातावर चोळून मऊ करून, धुतल्यानंतर, फक्त गालांवर. आणि स्क्रबमधलं खोबरेल तुम्ही कायमचं बंद करा. तेलकट चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं आणि पुटकुळ्या वाढवतं. पाठीवर, छातीवर किंवा कपाळाच्या कडेला घामाच्या दिवसांत फिकट, किंचित कोंडा धरणारे डाग आले असतील तर ती शिबं असतात, बुरशीची, आणि त्या बुरशीला तेल लागतंच. त्यावर स्क्रबही नको, खोबरेलही नको. डॉक्टर बुरशीवरचं औषध देतील.

हळद तुम्ही विचारली नाहीत, पण घालाल. घालायचीच तर आंबेहळद, एका वेळेला चिमूटभर. जास्त घातल्याने गुण वाढत नाही, उशीच्या अभ्र्याचं नुकसान होतं. दिवाळीतलं उरलेलं उटणं चेहऱ्याला नको : नागरमोथा आणि कचोरा हे मुळांचे भरड तुकडे, वस्त्रगाळ केल्याशिवाय त्यांचे तंतू ओरखडतात. अंगाला बेलाशक लावा.

अंगासाठी दुसरी एक फुकटची वस्तू तुमच्या घरात रोज निघते. नारळाचा रस काढून उरलेला चोथा. कडक उन्हात दोन दिवस वाळवून, मिक्सरला फिरवून, दोन चमचे चोथ्याला एक चमचा बेसन आणि लागेल तेवढं पाणी. हात, पाय, कोपर. न वाळवता ठेवलात तर संध्याकाळपर्यंत खवट वास यायला लागतो. साखर-खोबरेलही कोपराला चालेल, पण न्हाणीची फरशी तेलाने निसरडी होते. नंतर साबणाचं पाणी टाकून घासून घ्या, घरात म्हातारी माणसं आहेत.

तारखांचं असं बसवा. आजपासून तीन आठवडे काहीच नाही. मग कोपराची चाचणी. मग आठवड्यातून एकदा, रात्री. पुटकुळी पिकलेली असेल, कुठे ओरखडा असेल किंवा पुटकुळ्यांवरचं ट्रेटिनॉइन, अडापलिनसारखं मलम चालू असेल तर तो आठवडा सोडून द्या. थ्रेडिंग, वॅक्स किंवा ब्लीचच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस स्क्रब नाही. शेवटचा हात हळदीच्या पाच दिवस आधी. ताज्या घासलेल्या कातडीवर ओली हळद झोंबते आणि तिचा पिवळेपणा जास्त दिवस चढून राहतो. लग्नाच्या फोटोत तो दिसतो. लग्नाआधीच्या दोन आठवड्यांत कुणी कितीही छान सांगितलं तरी नवीन वस्तू चेहऱ्याला लावू नका. स्क्रबच्या दुसऱ्या दिवशी उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीन चुकवू नका, आणि बाहेरच असाल तर दर दोन तासांनी परत. किनाऱ्यावर नुसती टोपी पुरत नाही, कारण कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस साधारण २५ टक्के अतिनील किरणं परत वर फेकतो. प्री-वेडिंगचं शूटिंग वेळागरच्या वाळूत ठरलं असेल तर सकाळी लवकर उरका.

राहिली बहिणीची बाटली. ओलं कालवून पाठवू नका. दही-पिठाचं कालवण आपल्या हवेत सकाळचं संध्याकाळी आंबतं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी चेहऱ्याला लावण्याजोगं राहत नाही, आणि बुरशी डोळ्याला दिसण्याआधीच धरलेली असते. बाटली भरायची तर कोरडी. पिठी ८ चमचे, मुगाचं पीठ ८ चमचे, आंबेहळद पाव चमचा, तिन्ही एकत्र करून पुन्हा एकदा कापडातून. एवढ्यात आठवड्याला दोन चमचे या हिशेबाने दोन महिने जातात, पण पावसाळ्याआधी संपवा असं सांगा. जूननंतर टोके, म्हणजे पिठातले किडे, होतात आणि पीठ दमट होतं. काचेची बाटली धुऊन उन्हात पूर्ण वाळलेली हवी, आत ओला चमचा जाता कामा नये. झाकणावर दळल्याची तारीख आणि आतले जिन्नस लिहा, आणि लिंबू घालू नकोस हेही लिहा. तोच व्हिडिओ तिच्याही फोनवर आलेला असणार.